राणीला शिवायचं नाही

मावशी लंगडी घालू लागली की तिच्या अंगातला काळा कोट दोन्ही बाजूंनी उडायचा. कोट तिच्या वारलेल्या नवऱ्याचा होता. नऊवारी लुगडं, त्यावर तो पुरुषी कोट, पाय अनवाणी, हातात कडुनिंबाची ओली डहाळी, अशी ती पन्नाशीला टेकलेली उंच बाई गुरांच्या कोठ्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एका पायावर उड्या मारत जाई आणि तिच्या मागे आम्ही पोरं. रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल हळू करून बघत. ‘येडी बागवाली’ हे नाव तिला आम्ही तिथे राहायला जाण्याआधीच मिळालेलं होतं.

तिचा फोटो नाही. तो कोट नाही, ती बसायची ती बाज नाही. जे तिचं होतं ते सगळं जाळून टाकावं लागलं. माझ्याकडे उरले ते तिचे खेळ. मुलं आजारातून उठलेली असली, शाळा बंद असली, बाहेर सोडण्यासारखं नसलं की आमच्या घरात तेच खेळ चालतात. माझ्या मुलांना ते नुसते खेळ वाटतात आणि तसेच वाटावेत. मला मात्र ते शेवटपर्यंत बघवत नाहीत. काहीतरी काम काढून मी ओसरीवर जाऊन बसतो.

मावशी आमची नात्यानं कोणी नव्हती. कारंज्याच्या वेशीबाहेर तिचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधावर लिंबोणीचं एक काटेरी झाड. विहिरीवर मोट आणि मोटेवर एक गडी. माझे वडील कापसाच्या बाजारात काट्यावर माप करायचे. त्या साली गावात उंदीर पडू लागले. उंदीर पडले की घर सोडायचं, हे तेव्हा लहान पोरालाही सांगावं लागत नसे. लोक भांडीकुंडी गाडीत घालून शेतांत निघाले. ज्याला शेत नव्हतं त्यानं दुसऱ्याच्या शेतात आसरा धरला. वडिलांनी मावशीच्या मळ्यातल्या लांबलचक कोठ्याचं एक टोक भाड्यानं घेतलं. दुसऱ्या टोकाला एका वकिलाकडचे कारकून, त्यांची बायको आणि दोन मुलं उतरली. मावशीनं बैल बाहेर झाडाखाली हलवले, जमीन सारवली, भिंतींना चुना मारला आणि मधली मोकळी जागा पोरांना दिली. मी नऊ वर्षांचा, माझी बहीण वेणू पाच वर्षांची, कारकुनांची दोघं आणि मोटेवरच्या गड्याचा किसना, एवढेच आम्ही.

पोरांनी कोठ्याबाहेर पडायचं नाही, असा मोठ्यांचा हुकूम होता. त्याला कारण होतं. घर घाईत सुटलेलं असे. मागे राहिलेलं मांजर किंवा भोवरा आठवला की पोरगं कुणाला न सांगता गावातल्या बंद घराकडे पळत असे. शेजारच्या मळ्यातला एक मुलगा असाच भोवरा आणायला गेला आणि भोवरा घेऊन परत आला. आठवडा उलटला नाही तोच त्यांची झोपडी पेटवलेली आम्ही लांबून पाहिली. भोवरा कुठे गेला असेल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. तो मी कुणाला विचारला नाही.

पण पाच पोरांना दिवसभर चार भिंतींत ठेवायचं कसं? आई रडकुंडीला आली. कारकुनांनी छडी काढली. तेव्हा मावशी दारात येऊन उभी राहिली.

“कारकून, ते छडी ठेवा तिकडं. पोट्टे काय चोर हायत? द्या माह्याजवळ.”

“तुमी काय करसान त्याईचं?”

“खेळीन.”

“या वयात?”

“मंग कोन्त्या वयात खेळू? तुमच्यावानी कारकून झाल्यावर?”

तिची जीभ अशी होती. एकदा गावातल्या एका शेठाणीनं तिच्या पाटीतलं वांगं दाबून पाहिलं, तर ही म्हणाली, “बाई, तुमचा गाल दाबून पाहू काय मी?” आणि पाटी उचलून पुढच्या दारी गेली. गिऱ्हाईक तुटल्याचं तिला दुःख नसे. ज्याच्या घरात लहान लेकरू आहे त्याला ती मूठभर भाजी जास्त घाली. मात्र ते लेकरू आधी तिच्यासमोर आणून उभं करावं लागे. ती त्याच्या डोक्याचा वास घेई, गालाला हात लावी आणि मगच भाजी मोजायला बसे. दिवसा झोपलेलं पोर तिला खपत नसे. दुपारी कुणाचा डोळा लागला की ती निंबाच्या डहाळीनं त्याच्या पायाला गुदगुल्या करी. पोर चिडून उठलं की ती खूश. “चिडलं ना? बेस झालं,” असं म्हणून निघून जाई. तिच्या येडेपणाच्या यादीत लोक हेही धरायचे.

तिचे खेळ साधे होते, त्यांना सामान लागत नसे. मुक्याच्या डावात प्रत्येकानं जिभेखाली एक चिंचोका धरून गप्प बसायचं. बोलेल तो बाद. शेवटी चिंचोका जागेवर आहे की गिळला, हे दाखवायला सगळ्यांनी तोंड उघडून जीभ बाहेर काढायची. आईला या डावाचं फार कौतुक, कारण तेवढा वेळ कोठ्यात मोटेचं कुरकुरणं ऐकू येई. वासाच्या डावात डोळे बांधून भाजी ओळखायची. मेथी आणि सांबार कुणीही ओळखी, पण वांग्याच्या पानाला सगळे फसत. टक लावायच्या डावात मावशीसमोर मांडी घालून तिच्या डोळ्यांत बघत राहायचं, पापणी लवली की हार. चोराच्या डावात दोन्ही हात वर करून उभं राहायचं. “चोर कोठी लपला? चुलीमागं लपला? काखंत लपला?” असं म्हणत तिची बोटं काखेत शिरायची. हसेल तो हरला. हा डाव कुणीच जिंकत नसे. आणि रोज दिवेलागणीच्या आधी लंगडी, आधी उजव्या पायावर, मग डाव्या. पहिली उडी तिची. तुम्ही खेळा, मी बघत बसते, असं ती कधी म्हणाली नाही.

“हसलं ते लेकरू आपलं,” ती म्हणायची. “नाई हसलं तर कोनाचं, ते देव जाने.”

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकायची. डावाचा निकाल लागत नसे. मला लहानपणापासून मोजायची खोड. कोण किती उड्या मारून टेकला, कुणाची पापणी आधी लवली, हे मी कोळशानं भिंतीवर मांडून ठेवी. मावशी मला ‘मुनीम’ म्हणे. “मुनीम, गुन मांड,” असं ती मोठ्यानं सांगे, पण मांडलेल्या रेघांकडे ती ढुंकूनही पाहत नसे. कुणी नियम मोडला तरी तिला चाले. लंगडीत किसना दोन पाय टेकून पळाला तर ती हसली, आणि कारकुनांची मुलगी नियमानं खेळून मध्येच दमली तर हिचा चेहरा काळवंडला. मी एकदा वैतागून विचारलं,

“मावशी, आज कोण जिंकलं?”

“सारेच जिंकले.”

“सारे कसे जिंकतील? कुणीतरी हरायला पाहिजे ना.”

ती कोटाच्या खिशातून तंबाखू काढत होती. तिचा हात तसाच राहिला.

“असं नोको म्हनू, मुनीम,” ती म्हणाली. “कोनीच हरायले नोको.”

तिला हिशेब कळत नाही, असं मी मनाशी ठरवलं.

एका दुपारी आई आणि ती मेथी निवडत बसल्या होत्या. मी भिंतीशी रेघा ओढत होतो. माझं लक्ष नाही असं त्यांना वाटलं असावं.

“तुम्हाला खेळाचा भारी नाद हो,” आई म्हणाली.

“नाद नोय बाई, भेव हाय,” मावशी म्हणाली. तिनं दोन-चार काड्या मोडल्या. मग ती बोलू लागली, मेथीकडेच बघत. “माही पोरगी होती. मागच्या खेपेले उंदीर पडले तवा मी तिले रोज इचारू, काखंत दुखते काय वं? जांघेत काई लागते काय? नाई म्हने. रोज नाई म्हने. शेजारच्या पोराले गाठीवर डागलं, ते तिनं पाह्यलं होतं ना. त्या डागन्याच्या भेवानं लपवलं लेकरानं. लंगडून राह्यली तवा मले समजलं.”

आईच्या हातातली जुडी खाली पडली.

“तवापासून मी लेकराले इचारत नाई,” मावशी म्हणाली. “इचारलं की लेकरू खोटं बोलते. हसवलं की आंगच बोलते.”

माझा कोळसा भिंतीवर थांबला. जीभ. डोळे. काख. लंगडी. एकेक डाव माझ्यासमोर उलटा होऊन पडला. मुक्याच्या डावात ती चिंचोका पाहत नव्हती, जिभेवर पांढरा थर आहे का ते पाहत होती. टक लावायच्या डावात डोळ्यांतली लाली शोधत होती. काखेत गाठ असेल तर बोट लागताच पोर हसायच्या ऐवजी ओरडेल. जांघेत असेल तर एका पायावर उडी येणार नाही. रोज संध्याकाळी, हसत हसत, ती आम्हा पाच जणांत मरण शोधत होती आणि ते सापडलं नाही की म्हणत होती, सारेच जिंकले.

त्या दिवसापासून माझा खेळ संपला. बाकीची पोरं खिदळत असायची आणि मी हात वर करून भिंतीशी उभा असायचो, तिची बोटं माझ्याकडे येताना बघत. बोटं काखेत शिरली की मी मोठ्यानं हसायचो, गरजेपेक्षा मोठ्यानं. एकदा तिनं माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हटलं, “खोटं नोको हसू. खरं येते तेवढंच हास.” मला कळलंय, हे तिला कळलं होतं. आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

मग ती संध्याकाळ आली. चोराचा डाव चालू होता. किसना झाला, कारकुनांची दोघं झाली. वेणूची पाळी आली. तिनं हात वर केले, उजवा जरा कमीच. “चोर कोठी लपला? मळ्यात लपला? मोटेत लपला?” मावशीची बोटं डाव्या काखेत गेली आणि वेणू हसली. उजव्या काखेत गेली आणि वेणू म्हणाली, “आई गं.”

बोटं तिथेच थांबली. मी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं नाही, बोटांकडेच पाहिलं. ती थांबली, पुन्हा एकदा अगदी हलकेच फिरली आणि बाहेर आली. आणि मावशी हसू लागली. कोठा दणाणेल अशी हसली.

“सापडला रे बाप्पा चोर! येनूजवळ सापडला! ज्याच्याजवळ चोर सापडला तो आज राजा. आमची येनू राणी!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. वेणूचं रडू अर्ध्यावर थांबलं.

“राणीले महाल पाह्यजे,” मावशी म्हणाली. “ते वांग्याची खोपी राणीचा महाल. राणीले कोनी शिवायचं नाई. राणीच्या जवळ कोनी जायचं नाई. दासी एकच, ते मी.”

वांगी राखायची खोपी विहिरीपलीकडे, मळ्याच्या टोकाला होती. कोट काढून तिनं वेणूला त्यात गुंडाळलं आणि कडेवर घेऊन निघाली. जाताना तिनं खोपीपासून बऱ्याच अंतरावर चुन्याची एक रेघ मारली. कारकुनांचा मुलगा पाय आपटत राहिला, की राणी वेणूच काहून, मी काहून नाई?

विहिरीवरच्या बैलांच्या धावेआड तिनं वडिलांना गाठलं. मी त्यांच्या मागोमाग गेलो होतो, मला कुणी हाकललं नाही.

“उजव्या काखंत हाय. बोराएवढी. आंग गरम हाय.”

वडिलांनी पागोटं काढून हातात घेतलं.

“डॉक्टरला कळवायला पाहिजे,” ते म्हणाले.

“कळवा. ते नेतीन आजाऱ्याईच्या छावनीत. पाच वर्साचं लेकरू, एकटं. अठी मी हाय तिच्यासंगं.”

“आणि तुम्हाला लागलं तर?”

“मले लागाचं ते तवाच लागलं.”

“कारकुनांना सांगायला हवं. त्यांचीही मुलं आहेत.” वडील तसे होते, मापात तोळ्याचा फरक त्यांनी कधी केला नाही.

“त्याईचे पोट्टे रेघंच्या अठीच राहतीन, ते माह्याकडं लागलं. पन नाव काढलं ना भाऊ, तर मानसं येतीन आन् खोपी पेटवतीन. लेकरू बाहेर काढलं का नाई, ते बी पाहनार नाईत.”

वडिलांनी पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. “उद्या संध्याकाळपर्यंत,” शेवटी ते म्हणाले. “मग मी स्वतः जाऊन सांगतो.”

आई रेघेपाशी उभी राहिली. तिला पुढे जाऊ देत नव्हते. ती नुसती उभी होती, दोन्ही हात पुढे धरून, जणू कुणीतरी तिच्याकडे काही देणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू खोपीतून रडू लागली. “मला नाही राणी व्हायचं!” तिचा आवाज कोठ्यापर्यंत येत होता आणि कारकून दोनदा दाराशी येऊन ऐकून गेले. राणीच रडू लागली तर खेळ राहत नाही, हे मावशीला कळत होतं. “राणीचा खजिना आनायचा राह्यला ना,” असं म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि ती वेशीकडे चालू लागली. ऊन चढायच्या आत ती परत आली. तिच्या ओच्यात सागरगोटे होते, राखाडी, गुळगुळीत, खेळून खेळून चकाकी आलेले.

वडिलांनी ते पाहिले. “तुमच्या गावातल्या बंद घरात गेला होता?”

“दार उघडलं, देवळीतून घेतले, आली.”

“मालकीणबाई, त्या घरात…”

“माह्या पोरीचे हायत,” ती म्हणाली. “पडूनच होते.”

ती खोपीकडे वळणार तोच कारकून आडवे आले. त्यांच्या तोंडावर घाम होता.

“ते पोरगी बाजूला काहून ठेवली?”

“राणी हाय ते.”

“मी खुळा नाई, मालकीणबाई. लेकरं माहीबी हायत. आज संध्याकाळी तिनं सगळ्याईसंगं लंगडी खेळावं. नाई खेळली तर मी पाटलाकडे जातो.”

त्यांचा मला तेव्हा राग आला. आज मी दोन मुलांचा बाप आहे, आता येत नाही.

मावशीनं आम्हाला रेघेच्या अलीकडे ओळीनं बसवलं. राणी खोपीच्या दारात, आम्ही इकडे. राणीचे सागरगोटे, आमचे खडे. दरबाराचा डाव सुरू झाला. वेणूचे डोळे तापानं जड होते, पण सागरगोटे तिला आवडले. मी कोळसा घेऊन एका फळीवर गुण मांडत होतो. खरं सांगायचं तर गुण मांडणं एवढी एकच गोष्ट मला त्या दिवशी जमण्यासारखी होती. वेणूनं एक गोटा वर उडवला, खालचा उचलला, वरचा झेलला. पुन्हा उडवला. पुन्हा झेलला.

“मावशी, हे धरायचं नाही,” मी ओरडलो. “ती डाव्या हातानं खेळते!”

“खेळू दे ना रे.”

“पण ती डावरी नाही. नेहमी उजव्या हातानं खेळते. हा डाव फुकट.”

मावशी मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मग वेणूकडे. वेणूनं उजवा हात कोटाखाली ओढून घेतला होता.

मावशीनं तो हात मागितला नाही. काय झालं, असंही विचारलं नाही. तिनं एक सागरगोटा उचलून वेणूच्या मांडीवर ठेवला. “राणीसाहेब, आता दुसरा डाव. हा गोटा एका मुठीत लपवा. दोन्ही मुठी पुढं धरा. दासीनं वळखलं तर दासी जिंकली, नाई वळखलं तर राणी.”

वेणूनं विचार केला. पाठ फिरवून गोटा लपवला आणि दोन्ही मुठी पुढे केल्या. डावी मूठ घट्ट होती. उजवी मिटतच नव्हती. अंगठ्याखालचा तळवा टरटरून सुजला होता, मध्ये काळा ठिपका होता आणि ठिपक्यापासून एक लालसर रेघ मनगटावरून वर गेली होती.

मावशीनं ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. “लिंबोणीच्या झाडाकडं गेल्या होत्या काय राणीसाहेब?” तिनं हसत विचारलं. वेणूनं रेघेपलीकडे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाहेर पडायचं नाही, हा वडिलांचा हुकूम होता. हाताला काटा लागला तो तिनं त्या भीतीनं लपवला होता. जेवायला आई भरवी, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“भाऊ!” मावशी ओरडली. तिचा आवाज फुटला. “हे औधान हाय! हाताचं औधान हाय काखंत!”

हातापायाला जखम होऊन पिकली की काखेत किंवा जांघेत अवधाणाची गाठ येते, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण त्या साली गाठ म्हटलं की दुसरं काही कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. मावशी रोज आमची काख बघत होती, जीभ बघत होती, पाय बघत होती. तळहात तिनं एकदाही पाहिला नव्हता. ती स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली आणि मग एकदम वेणूच्या हातावर डोकं टेकून रडू लागली. मी तिला तेव्हाच एकदा रडताना पाहिलं.

काटा तिनंच काढला. सुई जाळावर धरून, निंबाच्या पाण्यानं धुऊन, पू पिळून आणि वर हळदीचं गरम पोटीस बांधून. वेणूच्या किंकाळ्या रस्त्यापर्यंत गेल्या. काटा तिनं पानावर ठेवून कारकुनांसमोर धरला. त्यांनी तो उन्हात धरून निरखला.

“लिंबोणीचाच हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी काटा परत पानावर ठेवला.

पाटलाकडे कुणी गेलं नाही. पण मावशीनं राणीला लगेच सोडलं नाही. “एका काट्यावर भरोसा ठेवून पाच लेकरं एकत्र करू काय?” असं म्हणून ती खोपीतच राहिली, वेणूजवळ. ताप उतरला. गाठ रोज थोडी लहान होत गेली. शेवटी ती बोटाला लागेनाशी झाली तेव्हा मावशीनं वेणूला कोठ्यात आणून सगळ्यांसमोर हात वर करायला लावले. “चोर कोठी लपला?” वेणू दोन्ही काखांना हसली, खाली बसून हसली. “हसली वं बाई, हसली,” मावशी आईला म्हणाली. आईनं वेणूला तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी. संध्याकाळ होती. आम्ही लंगडीसाठी भिंतीशी ओळ धरली होती, मी कोळसा घेऊन बाजूला. पहिली उडी मावशीची, म्हणून आम्ही थांबलो होतो. ती आली, पण दाराबाहेरच उभी राहिली.

“आज तुमी खेळा,” ती म्हणाली. “मी अठूनच पाहीन.”

दिवसभर मोटेवर होती, दमली असेल, असं मला वाटलं. तसं मी मनाला वाटवलं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. मग ती विहिरीकडे वळली. एक पाय ती नीट टेकत होती. दुसरा टेकला की तिचं सगळं अंग त्याच्यावरून पटकन उचललं जात होतं.

“मावशी लंगडी घालून राह्यली!” किसना आनंदानं ओरडला. “मावशी बाहेरच लंगडी घालून राह्यली!”

सगळी पोरं कोठ्यातून बाहेर सुटली. तिच्या मागे एका पायावर उड्या मारत, हसत, ओरडत. वेणू सगळ्यांत पुढे.

“मागं व्हा!” मावशी किंचाळली. असा तिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. पोरं जागच्या जागी थिजली. ती गावातल्या घरात गेली तेव्हाच ते दुखणं तिच्यासोबत आलं, की नंतर दुसरीकडून, हे मला सांगता येत नाही आणि अंदाजानं लिहू नये.

मग तिनं श्वास घेतला आणि तिच्या तोंडावर ते हसू परत आलं, रोजचंच.

“कायले भेता रे? आज राणी मी,” ती म्हणाली. “रोज रोज येनूच राणी काय? राणीले शिवायचं नाई. मुनीम!”

“काय मावशी?”

“ते चुन्याची रेघ हाय ना, तठी उभा राय. जो वलांडन तो बाद.”

मी रेघेवर जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. पोरं माझ्या मागे उड्या मारत होती. ती हळूहळू विहिरीला वळसा घालून वांग्याच्या वाफ्यांतून खोपीपर्यंत गेली. आत शिरण्याआधी तिनं दाराच्या कुडाला धरून मागे पाहिलं. आजवर तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

“मुनीम, आज कोन जिंकलं?”

मी पोरांकडे पाहिलं. चारही जणं एका पायावर उभी होती, डुलत होती, पण कुणी पाय टेकला नव्हता.

“सारेच जिंकले, मावशी.”

“हां,” ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार ओढून घेतलं.